धन्वंतरी महाल आणि बालकांचा श्वास

तंजावूरच्या भोसले राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय सर्वपरिचित आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८–१८३२) उभारलेला धन्वंतरी महाल मात्र विस्मृतीत गेला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात गुंफले गेले. तो संग्रह म्हणजे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. श्वास-कास आणि गर्भिणी-बालरोग यांवर त्यात स्वतंत्र भाग आहेत.

नेत्ररोगांत महालाने याहून पुढचे पाऊल टाकले: रुग्णागणिक इंग्रजी टिपणे आणि सोबत डोळ्यांची चित्रे. पण मोतीबिंदू महिनोन्‌महिने वाट पाहू शकतो. गुदमरणारे बालक काढा उकळेपर्यंतही थांबू शकत नाही.

सरफोजी गादीवर असतानाच, १८१६ साली, पॅरिसमध्ये लाएनेकने स्टेथोस्कोप घडवला. मुलांच्या न्यूमोनियाची सर्वांत उपयोगी खूण मात्र त्याहून साधी निघाली, आणि ती हाती यायला १९८० चे दशक उजाडले. पापुआ न्यू गिनीतील निरीक्षणांतून पुढे आलेली ही खूण म्हणजे श्वासांची संख्या. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे: २ ते ११ महिन्यांच्या बालकात ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर धोका अधिक.

महालातील पद्ये रोगाच्या नावापासून सुरू होतात. आजच्या आपत्कालीन कक्षात बोटाला ऑक्सिमीटर लागतो आणि गरज दिसताच, रोगाचे नाव ठरण्याआधीच, प्राणवायू सुरू होतो.