मुलांची सामाजिक-भावनिक कौशल्ये शाळेत कशी तपासली जातात? शेऱ्यांमागचा अर्थ आणि पालकांनी काय पाहावे

बेळगाव : सहामाहीचे प्रगतिपत्रक हातात आले की पालकांची नजर आधी गणित आणि इंग्रजीच्या आकड्यांवर जाते. खाली लिहिलेले ‘वर्तन समाधानकारक’, ‘वर्गात बोलत नाही’, ‘आत्मविश्वास कमी’ हे शेरे वाचले न वाचल्यासारखेच होतात. पण नव्या शैक्षणिक धोरणात नेमक्या याच भागाला वजन आले आहे. मूल इतरांशी कसे वागते, राग-भीती कशी सांभाळते, चूक झाली तर काय करते, याची नोंद शाळेने ठेवावी अशी अपेक्षा आहे. ही नोंद कशी होते आणि ती कुठे चुकू शकते, हे पालकांना माहीत असायला हवे.

नेमके काय तपासतात?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये मांडली. स्वतःची जाणीव, समानुभूती, समस्या सोडवणे, निर्णय घेणे, प्रभावी संवाद, इतरांशी चांगले संबंध, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, भावनांचे समायोजन आणि ताणतणावाचे समायोजन अशी ती यादी आहे. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात ‘जीवनकौशल्ये’ म्हणून येतात ती हीच.

अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅसेल’ या संस्थेने हाच विषय पाच गटांत बांधला : स्वतःला ओळखणे, स्वतःला आवरणे, दुसऱ्याला समजून घेणे, नाती सांभाळणे आणि जबाबदारीने निर्णय घेणे. जगभरातल्या बऱ्याच प्रश्नावल्या या पाच गटांवर उभ्या आहेत.

आपल्याकडे हे कसे आले?

शिक्षण हक्क कायदा २००९ मधला. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवावे, त्याला मोकळेपणाने बोलता यावे, आणि मूल्यमापन सर्वंकष व सातत्यपूर्ण असावे असे म्हटले आहे. त्याच वर्षी सीबीएसईने ‘सीसीई’ आणले. त्यात विचार, सामाजिक आणि भावनिक कौशल्यांना श्रेणी मिळू लागली. शिक्षकांवर कागदांचा भार पडला, शेरे साच्यातले होऊ लागले, आणि २०१७-१८ पासून सीबीएसईने ही पद्धत बंद केली.

महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आहे. तिथले शिक्षक ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ अशा वर्णनात्मक नोंदी लिहितात. कर्नाटकात एफए आणि एसए अशी विभागणी आहे. त्यामुळे सीमाभागात एकाच घरातली दोन भावंडे वेगळ्या पद्धतीने मोजली जातात. चंदगडच्या शाळेत जाणाऱ्या मुलाचे प्रगतिपत्रक एक बोलते, खानापूरच्या शाळेत जाणाऱ्या चुलत भावाचे दुसरे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ‘समग्र प्रगतिपत्रका’ची कल्पना मांडली. त्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचे आणि वर्गमित्रांनी एकमेकांचे मूल्यमापन करायचे आहे. त्याचे नमुने तयार करण्याचे काम एनसीईआरटीमधल्या ‘पारख’ या केंद्राकडे आहे. हे केंद्र २०२३ मध्ये सुरू झाले.

दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू केला. त्यात रोजची तासिका ठेवली, पण लेखी परीक्षा ठेवली नाही. शिकवायचे पण गुण द्यायचे नाहीत, असा हा दुसरा मार्ग.

तपासण्याच्या पद्धती

- स्वतः भरलेली प्रश्नावली : ‘मी चिडलो तरी शांत राहू शकतो’ अशा वाक्यापुढे मूल खूण करते. काम सोपे असते, पण मुले ‘चांगले’ उत्तर कोणते ते ओळखतात आणि तेच भरतात.
- शिक्षकाचे निरीक्षण : मधली सुट्टी, खेळ, गटकार्य यांत मूल कसे वागते याची नोंद. सर्वांत उपयोगी, पण वेळ खाणारी. एका वर्गात चाळीस-पन्नास मुले असली की नोंदी मार्चमध्ये एका बैठकीत लिहिल्या जातात.
- सवंगड्यांचे मत : गटात कोण मदत करतो, कोण ऐकून घेतो हे मुलेच सांगतात. नीट हाताळले नाही तर एखाद्या मुलाला वाळीत टाकण्याचे साधन होऊ शकते.
- प्रसंग देणे : ‘मित्राचा डबा सांडला, तू काय करशील?’ उत्तरामागचा विचार कळतो, पण प्रत्यक्षात मूल तसेच वागेल याची हमी नाही.

म्हणून कुठल्याही एका पद्धतीवर निष्कर्ष काढू नये, हा या क्षेत्रातला पहिला नियम आहे.

आकडे वाचतानाही सांभाळावे लागते. ओईसीडी या संघटनेने २०१९ मध्ये जगातल्या दहा शहरांत १० आणि १५ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. मोठ्या मुलांनी बहुतेक कौशल्यांत स्वतःला लहानांपेक्षा कमी आखले. याचा अर्थ कौशल्य घटले असाही होतो, आणि मोठी मुले स्वतःला जास्त कडक मोजतात असाही. २०२३ च्या पुढच्या फेरीत दिल्लीचाही समावेश होता.

सीमाभागात चूक कुठे होऊ शकते?

घरी मराठी, शाळेत इंग्रजी किंवा कन्नड, असे मूल पहिली-दुसरीत गप्प राहते. त्याला उत्तर येत असते, शब्द सापडत नसतात. त्याच्या पत्रकावर ‘मिसळत नाही’ असा शेरा पडला तर तो भाषेचा अडसर स्वभावाचा दोष म्हणून नोंदला जातो. पुढच्या वर्गाचे शिक्षक तोच शेरा वाचून मुलाकडे पाहतात. तेच मूल गल्लीत क्रिकेटचा संघ जमवत असते.

अशीच चूक ऊसतोडीसाठी किंवा गवंडीकामासाठी गाव बदलणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांबाबत होते. दर काही महिन्यांनी वर्ग बदलला तर मित्र कुठून जमणार? शिवाय पहिल्या नंबरच्या मुलाला वागण्यातही आपसूक वरची श्रेणी मिळते. मुलगी गप्प असेल तर ‘शिस्तप्रिय’ आणि मुलगा गप्प असेल तर ‘बुजरा’, असेही घडते.

चांगला शेरा कसा ओळखायचा?

चांगल्या नोंदीत तारीख, प्रसंग आणि मुलाची कृती असते, विशेषण नसते. ‘भांडखोर आहे’ हा शिक्का झाला. ‘खेळाच्या तासाला बाद दिल्यावर बॅट फेकली, दहा मिनिटांनी स्वतः येऊन माफी मागितली’ ही नोंद झाली. पहिल्यातून काहीच करता येत नाही. दुसऱ्यातून कळते की राग आवरायला मदत हवी, पण चूक मान्य करण्याची ताकद मुलात आहे.

तुलना शेजारच्या मुलाशी नको. जूनमधले मूल आणि डिसेंबरमधले तेच मूल, एवढीच तुलना कामाची.

पालकांनी शाळेत काय विचारावे?

- हा शेरा कोणत्या प्रसंगावरून लिहिला? किती वेळा दिसले?
- मूल ज्या भाषेत मोकळे बोलते, त्या भाषेत त्याला पाहिले का?
- सुधारण्यासाठी शाळा काय करणार, घरी काय करायचे?
- प्रश्नावली भरून घेतली असेल तर उत्तरे कोण पाहते, किती दिवस ठेवते?

पालकसभेत सर्वांसमोर या गोष्टी काढू नयेत. वर्गशिक्षकांना वेगळे भेटावे. शेऱ्यांची पद्धतच साचेबद्ध असेल तर विषय एसडीएमसीच्या बैठकीत मांडता येतो. महाराष्ट्रातल्या शाळांत त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे.

एक गोष्ट वेगळी ठेवावी. शाळेतली नोंद म्हणजे आजाराचे निदान नव्हे. मूल बरेच दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, शाळेचे नाव काढले की पोटात दुखत असेल किंवा जगण्याबद्दल निराशेने बोलत असेल, तर पुढच्या निकालाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय असेल तर १०९८ वर कळवता येते.

बाकी रोजचे काम घरचेच आहे. शाळेतून आल्यावर ‘किती मार्क पडले?’ याआधी ‘आज कुणाबरोबर जेवलास?’ एवढे विचारले तरी प्रगतिपत्रकात न आलेले बरेच काही कळते.