नक्कल



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे महिनाभर संगणक बंद होता. असो.

परवा नातवाबरोबर मॉलमध्ये गेले होते. तिथे एका यंत्रापुढच्या चौथऱ्यावर तो चढला आणि पडद्यावर खालून वर सरकणाऱ्या बाणांबरहुकूम पाय आपटायला लागला. 'पंप इट अप' म्हणे, कोरियन खेळ. मी म्हटलं, "काय रे हा धांगडधिंगा!" तर घामाघूम होऊन म्हणतो कसा, "अगं आजी, हा बीथोवन आहे!"

घरी आल्यावर त्याने मला दोन्ही ऐकवलं. आधी नुसता पियानो: बीथोवनच्या 'पाथेतिक' सोनाटाचा तिसरा भाग, १७९९ साली प्रसिद्ध झालेला. मग खेळातलं 'बीथोवन व्हायरस'. सुरावट तीच, पण खाली ड्रमचा दणका आणि मिनिटाला १६२ ठोके! मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही, पण ओळख पटली.

मग इतिहासाच्या बाईंना राहवतंय का? शोधत बसले.

जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये असाच नाचाचा खेळ काढला होता. त्यात पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण. पुढच्याच वर्षी कोरियाच्या अँडामिरो कंपनीने 'पंप इट अप' आणला. कल्पना तीच; फक्त बाण चार कोपऱ्यांत नेले आणि मधे पाचवा चौकोन घातला.

काळ कसा होता पाहा. १९९७ च्या अखेरीस कोरिया दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता, नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला होता. १९९८ च्या सुरुवातीला सुमारे पस्तीस लाख लोकांनी घरातलं सोनं देशासाठी बाहेर काढलं. जपानी करमणुकीवर तिथे कित्येक वर्षं बंदी होती, ती १९९८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने उठू लागली. अशा दिवसांत हे यंत्र आलं.

गाणी दोन प्रकारची. एक, टर्बो, क्लॉन अशा तिथल्या लोकप्रिय मंडळींची. दुसरी, 'बान्या' या खेळासाठीच संगीत करणाऱ्या चमूची. बीथोवन त्यांचाच. मोझार्टचा तुर्की मार्च आणि पाखेलबेलचा कॅननही त्यांनी असाच घेतला.

म्हणजे कल्पना शेजाऱ्याची, सुरावट युरोपची. मग यांचं काय? मी नातवाला तेच विचारलं. तो म्हणाला, "आजी, पाय बघ ना." पाहिलं. पियानोवर बोटं भराभर धावतात तिथे याचे पाय धावत होते. कोपऱ्यातल्या बाणांमुळे कंबर वळत होती, पाय एकमेकांना ओलांडत होते. बोटांसाठी लिहिलेली सुरावट त्यांनी पायांना वाजवायला दिली होती. हे मात्र त्यांचं स्वतःचं. खेळाने २०१९ मध्ये विशी गाठली आणि २०२३ मध्ये 'फिनिक्स' ही नवी आवृत्ती आली. नुसती नक्कल इतकी टिकत नाही.

आता खरं सांगायचं ते सांगते. नोकरीत असताना सातवीच्या एका मुलाने 'माझा गाव' हा निबंध गाईडमधून उतरवला होता. मी त्याला शून्य दिलं आणि निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुलं खूप हसली. मीही हसले. त्यानंतर वर्षभर त्याने चार ओळींपलीकडे काही लिहिलं नाही.

त्या निबंधातला सांगाडा गाईडचा होता हे खरंच. पण मधे त्याने आटलेल्या विहिरीत उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या आपल्या आईबद्दल तीन वाक्यं घातली होती. ती कुठल्याच गाईडमध्ये नव्हती. ती मी तेव्हाही वाचली होती, वर्गापुढे, त्याच सुरात.

लाल पेन हातात असलं की उसनं काय ते चटकन दिसतं. पाचवा चौकोन दिसायला वेळ लागतो. मला सत्तरी ओलांडावी लागली.

नातू म्हणतो, पुढच्या रविवारी तूही चौथऱ्यावर चढ. गुडघे काय म्हणतात ते पाहू!