रंग फसवतो, वजन सांगते

उर्दूच्या वर्गात 'लाल' हा शब्द मला दोनदा शिकवावा लागतो. मध्ये अलिफ असेल तर तो रंग, ऐन असेल तर ते रत्न. 'गुदडी का लाल' म्हणताना आपण रत्नाबद्दल बोलतो. हेच ते बदख्शानचे लाल. आजच्या रत्नशास्त्रात त्याला स्पिनेल म्हणतात. पण हे रत्न नेहमी लालच असते असे नाही. ते गुलाबी, जांभळे आणि निळेही असते. निळ्या स्पिनेलला आपल्या बोलीत वेगळे नाव नाही, म्हणून तो नीलम समजला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

1596 मध्ये वऱ्हाड प्रांत मुघलांकडे गेला. त्याच काळात अबुल फजल 'आईन-ए-अकबरी' लिहीत होता. त्यात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे, वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचाही उल्लेख आहे. याच ग्रंथात बादशाही जवाहिरखान्याचा हिशेब दिला आहे. लालांचे बारा दर्जे होते. पहिल्या दर्जाचे लाल 1000 मोहरांच्या खाली नसे. हिरे, पाचू, तांबडे आणि निळे याकूत यांची प्रतवारी वेगळी होती. त्यांचा पहिला दर्जा 30 मोहरांपासून सुरू होई. तांबडा याकूत म्हणजे माणिक, निळा याकूत म्हणजे नीलम. म्हणजे लाल आणि माणिक दोन्ही तांबडे असले तरी दरबारच्या पारख्यांनी त्यांना एका पेटीत ठेवले नव्हते.

हा फरक त्यांच्याही आधी, अकराव्या शतकात, अल-बिरुनीने मोजून दाखवला होता. रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात त्याने लाल याकूतपासून वेगळे केले. रत्न पाण्यात बुडवून किती पाणी बाहेर पडते हे तो तोलत असे. निळा याकूत 100 धरला तर तेवढ्याच आकाराचे लाल सुमारे 90 भरते, असा त्याचा हिशेब होता. आजचे आकडेही तेच सांगतात. नीलमची घनता 4.0 आहे, स्पिनेलची 3.6. युरोपात हा भेद शास्त्रीयदृष्ट्या मांडला गेला तो 1783 मध्ये. इंग्लंडच्या राजमुकुटातला 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' आणि लाहोरच्या खजिन्यातून 1849 मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला 'तैमूरचा माणिक' हे दोन्ही खरे तर लाल आहेत.

आता निळ्या खड्याकडे येऊ. सुटा खडा आधी हवेत आणि मग पाण्यात तोलायचा. 4 कॅरेटचा नीलम पाण्यात 1 कॅरेटने हलका होतो, तेवढाच स्पिनेल 1.11 कॅरेटने. दुसरी खूण प्रकाशाची. नीलम वेगवेगळ्या दिशांनी पाहिला तर निळ्याच्या दोन छटा दिसतात. स्पिनेल सगळीकडून एकच निळा दिसतो.

पण स्पिनेल ठरला म्हणजे काम संपत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या कारखान्यांत कृत्रिम नीलम बनवण्याची खटपट चालू होती. निळ्या रंगासाठी कोबाल्ट घातले, तो नीट मुरावा म्हणून मॅग्नेशियम घातले आणि हाती आला तो कृत्रिम स्पिनेल. तेव्हापासून हा स्वस्त खडा नीलमच्या नावाने जगभर विकला गेला. नैसर्गिक आणि कृत्रिम स्पिनेलच्या वजनात फरक फारच थोडा, म्हणून इथे घरचा काटा पुरत नाही. प्रयोगशाळेत वक्रीभवनांक पाहतात. नैसर्गिक खड्याचा सुमारे 1.718 येतो, कृत्रिम खड्याचा 1.727 च्या आसपास. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली आतले बुडबुडे आणि स्फटिक तपासतात.

किंमत या निकालावर ठरते. कृत्रिम खडा जवळजवळ कवडीमोल. लोहामुळे राखाडी झाक आलेला नैसर्गिक निळा स्पिनेल मध्यम भावाचा. श्रीलंका किंवा व्हिएतनामच्या लुक येनचा, कोबाल्टमुळे झळझळीत निळा झालेला स्वच्छ खडा फार दुर्मीळ आणि महाग.

अकोल्या-अमरावतीकडच्या आपल्या घरांत बाईची पुंजी म्हणजे तिच्या अंगावरचे दागिने. पोरीची फी भरायची वेळ आली की सासूने दिलेली अंगठी मोडायला निघते. मोडताना सोने तोलले जाते, खडा काढून बाजूला ठेवला जातो. 'नीलम नाही' एवढे ऐकून बाई गप्प बसते. पण नीलम नाही म्हणजे काच आहे, असे होत नाही. म्हणून खडा परत मागून घ्यावा. तो मोठा आणि स्वच्छ असेल तर मुंबई किंवा जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला काढावा. त्यावर खड्याची जात आणि तो नैसर्गिक की कृत्रिम हे लिहिलेले असते. विकत घेतानाही बरकतीच्या गोष्टी ऐकण्याआधी हाच दाखला मागावा.

आपण इतिहास सांगतो तेव्हा बादशहांच्या खजिन्यांविषयी भरभरून बोलतो. ते खजिने गेले. पण डोळ्याला निळे दिसले म्हणून नीलम न म्हणता ते पाण्यात तोलून पाहणारा अल-बिरुनी आपल्याला आजही उपयोगी पडतो. मुलांना आधी त्याची ओळख करून द्यावी, असे मला वाटते.