सोपारा–ठाणे येथील मध्ययुगीन चर्च

उत्तर कोकणातील एक लुप्त ख्रिस्ती प्रार्थनामंदिर व त्याच्या आसपासचा लहानसा जनसमुदाय. सोपारा (हल्लीचे नालासोपारा, ता. वसई, जि. पालघर) येथे संत थॉमस ह्याच्या नावाचे एक चर्च चौदाव्या शतकाच्या आरंभी होते, असे तत्कालीन यूरोपीय धर्मप्रचारकांच्या वृत्तांतांवरून दिसते. त्याच सुमारास ठाणे शहरात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. ह्या वास्तूचा एखादा दगड, क्रूस वा लेख आज दाखविता येत नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचा उगम पोर्तुगीज अमदानीतील आहे, आणि वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चेही इ. स. १५३४ नंतरचीच. प्रस्तुत चर्चशी त्यांची सांगड घालण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि त्यांमध्ये सुमारे दोन शतकांचा खंड आहे.

कोकण किनाऱ्यावरील ख्रिस्ती वस्तीचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा उल्लेख सहाव्या शतकातील आहे. कॉसमस इंडिकोप्लूस्टीझ ह्या ग्रीक लेखकाने ‘कल्याना’ नावाच्या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे बंदर म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण, हे मत बहुमान्य असले, तरी दक्षिणेकडील अन्य स्थळेही सुचविण्यात आली आहेत. कॉसमसने कल्यानाहून तांबे, शिसवी लाकूड व कापड बाहेर जात असल्याचे सांगितले आहे, ही गोष्ट मात्र कल्याणच्या बाजूने बरीच वजनदार ठरते. उल्हास खाडीवरील ह्या बंदराच्या पाठीशी भिवंडी, पडघा आणि थळ घाटमार्गे नाशिककडे जाणारी वाट होती. सह्याद्रीतील लाकूड व देशावरील कापड ह्यांना समुद्रापर्यंत येण्यास ती सोयीची होती.

‘नेस्टोरियन’ हे नाव विरोधकांनी दिलेले. हा समाज स्वतःला पूर्वेकडील चर्च म्हणवीत असे. त्याची उपासनेची भाषा सिरियाक असून त्याचा धर्मप्रमुख प्रथम टेसिफॉन व पुढे बगदाद येथे राही. भारतातील बिशप समुद्रमार्गे तिकडूनच येत. इराणी आखाताशी कोकणचा संबंध किती निकटचा होता, ह्याची साक्ष कान्हेरीच्या लेण्यांतील पहलवी लेख देतात. १००९ व १०२१ मध्ये तेथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची नावे त्यांत कोरलेली आहेत. त्याच सागरी मार्गाने ख्रिस्ती व्यापारीही येत असत.

चर्चविषयीची प्रत्यक्ष माहिती एका दुर्घटनेमुळे उपलब्ध झाली आहे. चार फ्रान्सिस्कन साधू—तोलेंतीनोचा तोमाझो, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाषाचे काम करणारा डिमीट्रियस—आणि जॉर्दानुस कातालानी हा डॉमिनिकन साधू असे पाच जण हुर्मुझहून कोल्लमकडे निघाले असता त्यांचे जहाज ठाण्यास लागले. तेथील नेस्टोरियन कुटुंबाने त्यांना आसरा दिला. जॉर्दानुस सोपाऱ्यावरून भडोचच्या बाजूला धर्मकार्यासाठी गेला. त्याच्या अनुपस्थितीत ज्या घरात हे पाहुणे उतरले होते, तेथे नवरा-बायकोचे भांडण झाले. मारहाण झालेल्या स्त्रीने काझीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून साधूंचा निर्देश केला. चौकशी धर्मचर्चेवर गेली. इस्लामच्या प्रेषिताविषयी साधूंनी कठोर उत्तर दिले व त्यातून प्रक्षोभ माजला. ठाण्याच्या मलिकाने आरंभी त्यांना खाडीपलीकडील वस्तीत हलविले होते. परंतु पुढे ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांचा व ११ एप्रिल रोजी पीटरचा वध झाला. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा घियासुद्दीन तुघलक होता. सुलतानाने मलिकास बोलावून शिक्षा केली, असे ओडोरिकच्या प्रवासवृत्तात म्हटले आहे.

ह्या घटनेची सर्व वर्णने साधूंच्या बाजूने लिहिलेली असून त्यांत अग्निदिव्यादी चमत्कारांचा भरणा आहे. त्यांतील संवाद शब्दशः ग्राह्य धरता येत नाहीत. पण चमत्कार सांगण्याच्या ओघात लेखकांकडून जे सहज लिहिले गेले, ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे : पंधरा घरे, भांडणारे दांपत्य, काझीचे न्यायालय सर्वांना खुले असणे, आणि परमुलखातील अपरिचितांना घरात घेणारा समाज. पाहुण्यांची नावे, त्यांची गावे, त्यांच्या मृत्यूचे वारही टिकून राहिले; यजमानांपैकी एकाचेही नाव कोणी टिपून ठेवले नाही.

जॉर्दानुसने परत येऊन एका जिनोईज तरुणाच्या साहाय्याने मृतदेह सोपाऱ्यास नेले व तेथे पुरले. ऑक्टोबर १३२१ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने भडोच येथे सुमारे ९०, पुढे आणखी २० हून अधिक आणि ठाणे व सोपारा ह्यांच्या दरम्यान ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचे नमूद केले असून, सोपारा हे प्रचारकांसाठी सोयीचे ठिकाण म्हणून सुचविले आहे. १३२९ मध्ये पोप बाविसावा जॉन ह्याने त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक केली. पोर्देनोनेचा ओडोरिक थोड्याच काळाने ठाण्यास आला. त्याने मृतांच्या अस्थी उकरून काढून चीनमधील झैतून (च्वानजौ) येथील आपल्या पंथाच्या मठात नेल्या. नंतर सोपाऱ्याच्या चर्चचा मागमूस लागत नाही.

चर्च नाहीसे कसे झाले, ह्याचे उत्तर १३२१ च्या घटनेत शोधण्याची प्रथा आहे. ती फारशी पटत नाही. चार परकीयांच्या वधाने स्थानिक समाज संपला असे कोणताही वृत्तांत सांगत नाही. कारणे अधिक संथ असावीत. पडघ्यानजीकच्या लोनाड परिसरात शिलाहारकालीन दानलेख आढळतात. जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या देवस्थानाची नोंद अशा प्रकारे दगडावर राहते. कोल्लमच्या चर्चला ८४९ च्या सुमारास ताम्रपटाने हक्क मिळाले. ती वास्तू गेली, तरी ताम्रपट शिल्लक आहे. ठाणे-सोपाऱ्याच्या व्यापारी ख्रिस्ती वस्तीला असा आधार मिळाल्याचा पुरावा नाही. तिचा जीव समुद्रपलीकडून येणाऱ्या जहाजांत आणि धर्मगुरूंत होता. १२९५ मध्ये इराणचा इल्खान गाझान ह्याने इस्लामचा स्वीकार केला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस तैमूरच्या स्वाऱ्यांनी पूर्वेकडील चर्चची इराण-इराकमधील केंद्रे मोडकळीस आणली. बिशप येणे थांबल्यावर नवे धर्मगुरू दीक्षित होऊ शकत नाहीत. मलबारात संख्येने मोठ्या असलेल्या समाजाने हा खंड सोसला. पंधरा घरांना तो सोसणे अवघड होते. ह्या घराण्यांनी स्थलांतर केले की आसपासच्या समाजांत ती मिसळून गेली, ह्याविषयी तर्कच करता येतो.

सोळाव्या शतकात वसईचा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आला. तेव्हा फ्रान्सिस्कन व जेझुइट मिशनऱ्यांनी ठाणे-वसईतील आपले कार्य नव्याने उभारले. १८९४ मध्ये पोप तेरावा लिओ ह्याने तोमाझोला ‘धन्य’ पदवी दिली. त्याची कवटी इटलीतील तोलेंतीनो येथे जतन केलेली आहे.

नष्ट चर्चचे अवशेष कधीकधी भलत्याच जागी मिळतात. च्वानजौचे ख्रिस्ती मठही लुप्त झाले होते. विसाव्या शतकात तेथील तटबंदी पाडताना क्रूस कोरलेले अनेक थडग्यांचे दगड भिंतीत बसविलेले आढळले. गोव्यात झुआरी नदीकाठी आगशी येथे २००१ मध्ये पहलवी अक्षरांचा क्रूस मिळाला. सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजी ह्यांनी ‘बुरूड राजाचे कोट’ नावाने ओळखला जाणारा टेकाडवजा स्तूप उकरला, त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या गिरिलेखाचा तुकडाही त्यांच्या हाती आला, आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. जुन्या बंदराचा मोठा भाग आजच्या दाट वस्तीखाली आहे.