रेंजफाइंडर दुर्बीण कशी निवडायची? लांब पल्ल्याच्या शिकारीत ५० यार्डांची चूक किती महाग पडते?

कोलोरॅडोच्या डोंगरात शिकारीचा हंगाम सुरू आहे. सूर्य मावळून दहा मिनिटं झाली आहेत. दरीपलीकडच्या उतारावर एक म्यूल डिअर नर चरतोय. शिकाऱ्याकडे परवाना आहे, रायफल आहे आणि कायद्यानुसार हातात अजून वीस मिनिटं आहेत. कारण अमेरिकेतल्या अनेक राज्यांप्रमाणे इथेही मोठ्या प्राण्यांची शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच करता येते. प्रश्न एकच आहे : हरीण नेमकं किती लांब आहे? ४५० यार्ड, ५०० की ५५०?

दरीपलीकडचं अंतर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं जवळपास अशक्य असतं. मधली जमीन दिसत नाही, प्रकाश कमी असतो आणि हरीण लहानमोठं असू शकतं. म्हणूनच पश्चिम अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांमध्ये लेझर रेंजफाइंडर असलेली दुर्बीण शिकाऱ्यांच्या सामानातली महत्त्वाची वस्तू झाली आहे. पण हजार डॉलरपासून तीन हजारांच्या पुढे जाणाऱ्या या दुर्बिणींमधून चांगली कोणती, हे डब्यावरच्या मोठ्या आकड्यावरून ठरत नाही.

अंतर एवढं महत्त्वाचं का?

रायफलीची गोळी सरळ रेषेत जात नाही. नळीतून बाहेर पडल्याक्षणी ती खाली पडू लागते आणि हवेच्या विरोधामुळे तिचा वेगही कमी होत जातो. त्यामुळे अंतर वाढतं तशी ती अधिकाधिक वेगाने खाली जाते.

उदाहरणार्थ, .३०८ विंचेस्टर हे शिकारीत सर्रास वापरलं जाणारं काडतूस. १०० यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीतून १६८ ग्रेनची गोळी झाडली, तर ५०० यार्डांवर ती नेमाच्या रेषेपासून साधारण दीड मीटर खाली असते. ५५० यार्डांवर हेच अंतर जवळपास दोन मीटर होतं. म्हणजे फक्त ५० यार्डांच्या चुकीमुळे गोळी सुमारे ४० सेंटीमीटर खाली-वर जाते.

आता हरणाकडे पाहू. हृदय आणि फुप्फुसं असलेला, गोळी लागताच प्राणी लवकर मरेल असा भाग साधारण २० ते २५ सेंटीमीटरचा असतो. ४० सेंटीमीटरची चूक झाली तर गोळी एकतर पूर्ण चुकते किंवा पायाला, पोटाला, जबड्याला लागते. असा जखमी प्राणी अंधारात पळून जातो, तासन्‌तास तडफडतो आणि अनेकदा सापडतही नाही. रेंजफाइंडर आवश्यक मानला जातो तो यामुळेच.

लेझर अंतर कसं मोजतो?

बटण दाबलं की दुर्बिणीतून अवरक्त लेझरचे अतिशय छोटे स्पंद बाहेर पडतात. बहुतेक उपकरणांत त्यांची तरंगलांबी ९०५ नॅनोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाहीत. प्रकाश हरणावर आदळतो, त्यातला अगदी थोडा भाग परत येतो आणि तो परत यायला किती वेळ लागला, हे उपकरण मोजतं. प्रकाशाचा वेग माहीत असल्याने अंतर काढता येतं.

हा वेळ किती कमी असतो? ५०० मीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात. अंतर एका मीटरने बदललं तर फरक पडतो ६.७ नॅनोसेकंदांचा. हे तंत्र नागरी बाजारातल्या दुर्बिणीत आणण्याचं श्रेय जर्मनीच्या लायका कंपनीला दिलं जातं. तिची ‘जिओविड’ ही दुर्बीण १९९२ मध्ये आली. पुढे ऑस्ट्रियाची स्वारोव्स्की, जर्मनीची झाइस, अमेरिकेतली व्होर्टेक्स आणि सिग सॉअर अशा कंपन्याही या बाजारात उतरल्या.

डब्यावरचा आकडा आणि खरं हरीण

‘४,००० यार्ड’, ‘५,००० यार्ड’ असे आकडे जाहिरातीत ठळक दिसतात. हे आकडे बहुधा परावर्तक वस्तूंसाठी असतात. धातूची पाटी किंवा चकचकीत पृष्ठभाग बराच प्रकाश परत पाठवतो. हरणाचं मऊ, तपकिरी अंग मात्र बराचसा प्रकाश शोषून घेतं. म्हणून कंपन्यांच्या माहितीपत्रकात ‘झाड’ आणि ‘हरीण’ यांचे आकडे वेगळे दिलेले असतात आणि ते मोठ्या आकड्यापेक्षा बरेच कमी असतात. खरेदी करताना पाहायचा आकडा हाच.

परिस्थितीचाही परिणाम होतो. भर दुपारच्या उन्हात लेझरचा परत आलेला क्षीण प्रकाश सूर्यप्रकाशात हरवतो. धुकं, पाऊस आणि बर्फ पडत असताना प्रकाश वाटेतच विखुरतो. म्हणून ५०० यार्डांपर्यंतच नेम धरायचा असला, तरी हरणावर त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत चालणारं उपकरण घेण्यात अर्थ आहे. ती जास्तीची क्षमता लांबून गोळी झाडण्यासाठी नसते, तर वाईट हवेतही खात्रीचं अंतर मिळावं यासाठी असते.

आधी दुर्बीण, मग रेंजफाइंडर

शिकारीच्या दिवसात लेझरचं बटण मोजक्या वेळा दाबलं जातं. दुर्बिणीतून पाहणं मात्र तासन्‌तास चालतं. म्हणून काच चांगली नसेल, तर उत्तम लेझरचाही उपयोग नाही. जे दिसलंच नाही, त्याचं अंतर मोजणार कसं?

१०×४२ या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. दुर्बीण दृश्य १० पट मोठं दाखवते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. ४२ ला १० ने भागलं की ४.२ मिलिमीटर येतात. डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर होते, तर १०×३२ मध्ये ३.२. भर दिवसा हा फरक जाणवत नाही, कारण डोळ्याची बाहुली आकुंचन पावलेली असते. संधिप्रकाशात ती मोठी होते आणि तेव्हा जाड झोताची दुर्बीण उजळ दिसते.

मोकळ्या डोंगरांसाठी १०×४२ हा सर्वाधिक पसंतीचा मध्यममार्ग आहे. दाट जंगलात ८ पट पुरते, शिवाय दृष्टिक्षेत्र मोठं मिळतं. १२ किंवा १५ पट दुर्बिणी हातात स्थिर राहत नाहीत, त्यांना ट्रायपॉड लागतो. खरं तर १०×४२ सुद्धा ट्रायपॉडवर लावली की बरंच जास्त दिसतं. त्यामुळे ट्रायपॉड जोडण्याची सोय आहे का, हे विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. लेझर आणि डिस्प्लेसाठी नळीच्या आत खास लेप दिलेले घटक बसवावे लागतात. त्यामुळे काही दुर्बिणींमध्ये एका डोळ्याला किंचित निळसर किंवा हिरवट छटा दिसते. चांगल्या दुर्बिणीत ती जवळपास जाणवत नाही.

झोताचा आकार आणि डिस्प्ले

लेझरचा झोत दूर जाताना पसरतो. हा पसारा मिलिरेडियनमध्ये सांगतात. एक मिलिरेडियन म्हणजे १,००० मीटरवर एक मीटर. १.५ मिलिरेडियनचा झोत ५०० मीटरवर ७५ सेंटीमीटर रुंद होतो. झोत जितका अरुंद, तितकी बाजूच्या झुडपाचं अंतर चुकून मोजलं जाण्याची शक्यता कमी.

हरणासमोर गवत किंवा फांद्या असतील, तर लेझरला दोन-तीन वस्तूंकडून उत्तरं येतात. अशा वेळी सर्वात दूरच्या वस्तूचं अंतर दाखवणारा मोड कामाला येतो. मात्र हरणामागे लगेच टेकडी असेल, तर हाच मोड टेकडीचं अंतर सांगू शकतो. म्हणून अनुभवी शिकारी एकदा मोजून थांबत नाहीत. हरीण, त्याच्या पायाजवळची जमीन आणि शेजारचा खडक अशी तीन-चार मोजमापं घेतात.

आकडे दिसतात कसे, हेही महत्त्वाचं आहे. काळ्या रंगात आकडे दाखवणारा डिस्प्ले अंधुक प्रकाशात दिसेनासा होतो. लाल प्रकाशाचा डिस्प्ले दिसतो, पण तो फार प्रखर असेल तर त्यामागचं हरीणच दिसत नाही. त्यामुळे प्रखरता अगदी कमी करता यायला हवी.

चढ-उतार, हवा आणि बॅलिस्टिक गणित

डोंगरात गोळी क्वचितच सपाट पातळीवर झाडली जाते. ३० अंशांच्या उतारावर लेझरने ५०० यार्ड दाखवले, तरी गोळीच्या घसरणीचा हिशेब सुमारे ४३३ यार्डांचाच धरावा लागतो, कारण गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने आडवं अंतर मोजलं जातं. ही दुरुस्ती केली नाही, तर गोळी हरणाच्या वरून जाते. कोन मोजून दुरुस्त अंतर दाखवण्याची सोय आता बहुतेक चांगल्या दुर्बिणींत असते.

महागड्या दुर्बिणी याच्याही पुढे जातात. त्यांत तापमान आणि हवेचा दाब मोजणारे सेन्सर असतात, फोनवरून रायफल आणि गोळीची माहिती भरता येते आणि स्कोप किती फिरवायचा, हे थेट दुर्बिणीत दिसतं. हवेचा हिशेब खरोखर लागतो. ३,००० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने विरळ असते. त्यामुळे सपाट प्रदेशात नेम जुळवून आलेल्या शिकाऱ्याची गोळी डोंगरात अपेक्षेपेक्षा कमी घसरते. पण भरलेली माहिती चुकीची असेल, तर उत्तरही चुकीचंच येणार. गोळीचा वेग काडतुसाच्या खोक्यावरून न घेता स्वतःच्या रायफलीतून क्रोनोग्राफने मोजावा लागतो.

सर्वात साधी चूक मात्र एककांची असते. ५०० मीटर म्हणजे ५४७ यार्ड. दुर्बीण मीटरवर आणि रायफलीचा तक्ता यार्डांत असेल, तर वर सांगितलेली ४० सेंटीमीटरची चूक सर्वात महागड्या उपकरणानेही होते.

वेगळा रेंजफाइंडर की एकत्र?

एकत्र दुर्बिणीचा मोठा फायदा म्हणजे हरणावरची नजर न हटवता अंतर कळतं. दोन्ही हातांनी धरल्याने लेझरही स्थिर राहतो. तोटे दोन. बजेट कमी असेल, तर त्याच किमतीत साधी दुर्बीण आणि खिशातला रेंजफाइंडर वेगवेगळे घेतल्यास अनेकदा जास्त चांगली काच मिळते. शिवाय चांगली काच अनेक दशकं टिकते, इलेक्ट्रॉनिक्स मात्र लवकर जुनं होतं. काचेची आणि इलेक्ट्रॉनिक्सची वॉरंटी वेगळी आहे का, हे आधी वाचून घ्यावं.

खरेदीआधी काय तपासावं?

- दुकानाच्या आत नव्हे, बाहेर जाऊन पाहा. शक्य असेल तर संध्याकाळी.
- पाटीऐवजी झाडाचं खोड, झुडूप, गवताळ उतार अशा वस्तूंवर अंतर मोजा.
- दूरच्या खांबावरून नेमाचं चिन्ह हळूहळू आडवं फिरवा. चिन्ह खांबाला टेकताच आकडा बदलायला हवा. आधी किंवा नंतर बदलला, तर लेझर आणि चिन्ह जुळलेले नाहीत.
- एकाच वस्तूवर पाच वेळा बटण दाबा. आकडे एक-दोन यार्डांपेक्षा जास्त हलू नयेत.
- चष्मा असेल तर तो घालून पूर्ण दृश्य दिसतं का, ते पाहा.
- दहा मिनिटं सलग पाहा. डोळे किंवा मान दुखली, तर दुर्बीण कितीही नावाजलेली असो, ती आपली नाही.
- हातमोजे घालून बटण दाबता येतं का, ते पाहा. थंडीत बॅटरी लवकर दगा देते, त्यामुळे जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात असावी.

यंत्र काय सांगत नाही?

अंतर कळलं म्हणजे नेम लागला, असं नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५०० यार्डांवर .३०८ च्या त्याच गोळीला अर्ध्या मीटरच्या आसपास बाजूला ढकलतो. दरीपलीकडे वारा किती आहे, हे दुर्बीण सांगत नाही. शिवाय गोळीला तिथे पोहोचायला साधारण दोन तृतीयांश सेकंद लागतात. तेवढ्यात हरीण एक पाऊल पुढे टाकू शकतं.

म्हणूनच अमेरिकेत या तंत्रज्ञानावर वाद आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब ‘फेअर चेस’, म्हणजे प्राण्याला निसटण्याची वाजवी संधी देणाऱ्या शिकारीचा पुरस्कार करतो. लांब पल्ला एखाद्या ठरावीक आकड्यापेक्षा शिकाऱ्याच्या हेतूवरून ठरतो, अशी या क्लबची भूमिका आहे. जवळ जाणं शक्य असताना केवळ आपल्या नेमबाजीची परीक्षा म्हणून दुरून गोळी झाडणं त्यात बसत नाही. काही राज्यांनी रायफलीला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांवर बंधनंही घातली आहेत. त्यामुळे खरेदीआधी त्या राज्याचे त्या हंगामाचे नियम पाहणं आवश्यक ठरतं.

भारतात या दुर्बिणीचं काय?

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. कायद्यातले अपवाद मोजके आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी सरकारी परवानगी लागते. पण लेझरने प्राण्याचं अंतर मोजण्याचं काम इथल्या जंगलांतही होतं. व्याघ्रगणनेच्या वेळी ताडोबा, मेळघाट यांसारख्या व्याघ्र प्रकल्पांत वनकर्मचारी ठरलेल्या सरळ रेषेवरून चालतात आणि दिसलेल्या चितळ, सांबर, गव्यांचं अंतर रेंजफाइंडरने आणि दिशा होकायंत्राने नोंदवतात. त्यावरून वाघाच्या भक्ष्याची जंगलातली घनता काढली जाते. तिथेही अंतर चुकलं की पुढचा हिशेब चुकतो.

कोलोरॅडोतल्या त्या संध्याकाळी मात्र चुकीची किंमत हरणाला मोजावी लागते. चांगली दुर्बीण शिकाऱ्याला दोन गोष्टी सांगते : हरीण किती लांब आहे आणि आजच्या वाऱ्यात, आजच्या प्रकाशात ते आपल्या पल्ल्याच्या बाहेर आहे का. दुसरं उत्तर ‘हो’ असेल, तर रायफल खाली ठेवून जवळ जाण्याचा रस्ता शोधायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यायचं.