स्पार्कलाइन (पर्जन्यतक्त्यांतील)

स्प्रेडशीटच्या एका खान्यात मावणारा लघुआलेख. त्याला चौकट, शीर्षक किंवा अंकित आस नसते. एखाद्या ओळीतील आकड्यांचा चढउतार त्याच ओळीच्या टोकाशी दाखवण्यासाठी तो वापरतात. प्रस्तुत नोंदीत परभणी जिल्ह्याच्या तालुकावार पावसाचा तक्ता उदाहरणादाखल घेतला आहे.

उगम : ही संज्ञा अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी रूढ केली. ‘ब्यूटिफुल एव्हिडन्स’ (२००६) या त्यांच्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन आहे. मजकुराच्या ओळीत बसणारे आलेख त्याआधीही वापरात होते. त्यामुळे कल्पनेच्या श्रेयाविषयी एकमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्ये ही सोय २०१० च्या आवृत्तीपासून, तर लिब्रेऑफिसमध्ये २०२२ च्या ७.४ आवृत्तीपासून आहे. गूगल शीट्समध्ये ‘स्पार्कलाइन’ नावाच्या सूत्राने हाच आलेख काढतात. जुन्या आवृत्त्यांत ‘रेप्ट’ सूत्राने उभी रेघ आकड्याइतक्या वेळा उमटवून काम भागवले जाई. पण त्यात एका खान्यात एकच आडवी पट्टी मिळते, कल दिसत नाही.

प्रकार : एक्सेलमध्ये रेषा, स्तंभ व जय-पराजय (आकडा अधिक की उणे एवढेच दाखवणारा) असे तीन.

परभणीचा तक्ता : जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम हे नऊ तालुके आहेत. कृषिहवामानशास्त्रात वर्षाचे ५२ प्रमाण आठवडे धरतात. त्यांपैकी २३ ते ३९ हे सतरा आठवडे (४ जून ते ३० सप्टेंबर) जवळजवळ संपूर्ण मोसमी हंगाम व्यापतात. म्हणजे एका हंगामाचा तक्ता १५३ आकड्यांचा होतो. हंगामाची बेरीज पाहून सोयाबीन उत्पादकाच्या हाती फारसे काही लागत नाही. पेरणीपुरता, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, पाऊस कधी झाला आणि शेंगा भरताना खंड पडला का, हे त्याला हवे असते. दोन तालुक्यांची बेरीज सारखी असून एकात पाऊस पसरून, तर दुसऱ्यात दोन आठवड्यांत कोसळून गेलेला असू शकतो. स्तंभरूप स्पार्कलाइनमध्ये हा फरक लगेच दिसतो. पेरणीयोग्य पावसाचा आठवडा शोधायचा असेल तर बेरीज पुढे नेत काढलेली रेषा अधिक उपयोगी पडते. तिचा सपाट भाग म्हणजे उघडीप.

आस : सर्वांत जास्त चुका येथे होतात. एक्सेल मुळात प्रत्येक स्पार्कलाइनची किमान व कमाल पातळी स्वतंत्रपणे ठरवते. परिणामी ४० मिलिमीटर कमाल असलेल्या तालुक्याचा स्तंभ १८० मिलिमीटरवाल्याइतकाच उंच दिसतो. शिवाय ओळीतील लहानात लहान आकडा शून्याजवळ दाबला जातो. नऊही ओळी निवडून कमाल पातळी ‘सर्व स्पार्कलाइनसाठी समान’ आणि किमान पातळी शून्य ठेवल्याखेरीज तालुक्यांची तुलना करू नये. मात्र समान आसेवर एखादी अतिवृष्टी इतर सर्व स्तंभांना बुटके करते. अशा वेळी आलेखाशेजारी हंगामाची बेरीज व सर्वाधिक पावसाच्या आठवड्याचा आकडा छापणे इष्ट.

रिकामा खाना आणि शून्य : पाऊस न पडलेला आठवडा शून्य असतो, नोंद न मिळालेला आठवडा रिकामा असतो. रेषेत रिकाम्या जागी खंड ठेवता येतो, त्यामुळे फरक कळतो. खंडाऐवजी बिंदू जोडण्याचा पर्याय निवडल्यास न मोजलेला पाऊस मोजल्यासारखा दिसतो; पर्जन्यनोंदींसाठी तो पर्याय वर्ज्य मानावा. स्तंभरूपात मात्र दोन्ही ठिकाणी जागा कोरीच राहते, आणि बंद पडलेले पर्जन्यमापक कोरडा आठवडा म्हणून वाचले जाते. पावसातील खंडाच्या काळावर पीकनुकसानीचे निष्कर्ष निघतात, म्हणून ही बाब गौण नव्हे. रिकामे खाने ओळखण्यासाठी ‘काउंट’ सूत्राचा स्तंभ जोडावा. ते शून्य मोजते, रिकामा खाना मोजत नाही. उत्तर सतरापेक्षा कमी आले तर ओळ अपुरी समजावी. लपवलेले स्तंभही स्पार्कलाइनमधून आपोआप गळतात.

सरासरीशी तुलना : प्रत्यक्ष पावसातून सरासरी वजा करून जय-पराजय प्रकार काढतात. सरासरीचा कालखंड नमूद करावा; भारतीय हवामान विभाग सध्या पावसासाठी १९७१–२०२० चा आधार घेतो. विभागाच्या वर्गवारीत उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सर्वसाधारण पाऊस आणि उणे २० ते उणे ५९ टक्के म्हणजे तूट. या प्रकारात उणे ५ व उणे ५५ टक्के यांचे ठोकळे सारख्याच उंचीचे उमटतात, त्यामुळे टंचाईच्या अहवालाला तो पुरत नाही.

दीर्घ मालिका : १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या परभणी जिल्ह्याच्या बेरजांत हिंगोली, कळमनुरी, वसमत हा भागही येतो. पेरणीक्षेत्र वा उत्पादनाची जिल्हास्तरीय रेषा सलग काढल्यास त्या वर्षी घसरण दिसते, ती पिकाची नसून सीमेची असते. अशा रेषेचे दोन तुकडे करून दोन खान्यांत ठेवावेत. परभणी येथील कृषी विद्यापीठासारख्या (स्थापना १९७२) एकाच ठिकाणच्या वेधशाळेच्या मालिकेला जिल्हासीमेच्या बदलाची ही अडचण येत नाही.

भूजल : निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून मोजक्या वेळा नोंदतात, त्यामुळे तिच्यासाठी रेषेऐवजी स्तंभ वापरावा.

छपाई : कृष्णधवल प्रतीत उच्चांक व नीचांक दाखवणारे रंग सारखेच दिसतात.