स्थूल गर्भवतींसाठी आरोग्योपाय : संशोधनाचा इतिहास

आहारनियमन, व्यायाम, समुपदेशन व औषधे या उपायांचा स्थूल गर्भवतीच्या व तिच्या अर्भकाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास मुख्यतः विसाव्या शतकाच्या अखेरीनंतरचा आहे. अशा स्त्रियांत गर्भारपणातील मधुमेह, रक्तदाबवाढ, गर्भाची अतिवाढ व शस्त्रक्रियेने होणारी प्रसूती यांचे प्रमाण अधिक आढळते. तथापि धोका ओळखता येणे व तो टाळता येणे या दोन भिन्न गोष्टी होत, असे या संशोधनाच्या इतिहासावरून दिसते.

प्रारंभीची मते : १८८९ मध्ये लूटव्हिख प्रोखॉवनिक या जर्मन वैद्यांनी अरुंद कटीच्या गर्भवतींस पिष्टमय पदार्थ व द्रवपदार्थ कमी असलेला आहार सुचविला. मूल लहान राहून प्रसूती सुलभ व्हावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे रक्तदाबवाढ व आकडी टाळण्यासाठी वजनवाढ रोखण्याचा सल्ला सरसकट सर्वच गर्भवतींस दिला जाऊ लागला. या सल्ल्याची नियंत्रित कसोटी मात्र घेतली गेली नव्हती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदर्लंड्समध्ये पडलेल्या दुष्काळात नवजातांचे सरासरी वजन सु. ३०० ग्रॅमने घटले आणि उपासमारीचे परिणाम स्पष्ट झाले. १९७० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सु. ११ किग्रॅ. सरासरी वजनवाढ योग्य ठरविली.

वजनवाढीच्या मर्यादा : वजन (किग्रॅ.) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग हे परिमाण बेल्जियन सांख्यिक केटले यांनी १८३२ मध्ये मांडले होते. १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीझ यांनी त्यास देहभार निर्देशांक असे नाव दिले. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने १९९० मध्ये या निर्देशांकानुसार वजनवाढीच्या निरनिराळ्या शिफारशी केल्या. त्यांत स्थूल स्त्रियांसाठी केवळ किमान मर्यादा (सु. ७ किग्रॅ.) होती. २००९ मध्ये ती बदलून ५ ते ९ किग्रॅ. अशी दुहेरी करण्यात आली.

नियंत्रित चाचण्या : ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथे अतिवजनी व स्थूल अशा २,२१२ गर्भवतींची यदृच्छ गटवारी करून आहार व जीवनशैलीविषयक समुपदेशनाची चाचणी घेण्यात आली. २०१४ च्या निष्कर्षांनुसार गर्भवयाच्या मानाने मोठ्या अर्भकांचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. मात्र ४ किग्रॅ.हून जड अर्भके १९ टक्क्यांऐवजी १५ टक्के आढळली. ब्रिटनमधील १,५५५ स्थूल गर्भवतींच्या चाचणीत (२०१५) आहार सुधारला व वजनवाढ किंचित कमी झाली. परंतु मधुमेहाचे प्रमाण दोन्ही गटांत सु. एक चतुर्थांशच राहिले.

थॅलिडोमाइडच्या दुष्परिणामांनंतर (१९६१) गर्भवतींवर औषधांच्या चाचण्या घेण्याबाबत दीर्घकाळ संकोच होता. मेटफॉर्मिनच्या २०१५ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन ब्रिटिश चाचण्यांत अर्भकाच्या वजनात फरक पडला नाही. दुसऱ्या चाचणीत मातेची वजनवाढ मात्र कमी झाली. २०१७ मध्ये ३६ चाचण्यांतील १२,५२६ स्त्रियांची (यांत सर्व वजनगटांतील स्त्रिया होत्या) माहिती एकत्र तपासण्यात आली. आहार व व्यायामाने वजनवाढ सरासरी ०·७ किग्रॅ.ने व शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती काही प्रमाणात कमी झाल्या. अर्भकाच्या एकूण आरोग्यात निश्चित सुधारणा सिद्ध झाली नाही.

मूल्यमापन : वजन घटणे म्हणजेच आरोग्य सुधारणे नव्हे, हे या निष्कर्षांमुळे मान्य झाले. गर्भाच्या वाढीवर परिणाम करणारी मातेची चयापचयस्थिती गर्भधारणेपूर्वीच घडलेली असते. म्हणून उपाय त्याआधी सुरू करावेत, असा विचार पुढे आला. अपेक्षित फळ न मिळाल्यास त्याचा दोष मातेच्या निग्रहास देणे अशास्त्रीय ठरते.

भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) सु. २४ टक्के स्त्रियांचा निर्देशांक २५ वा अधिक, तर सु. १९ टक्के स्त्रियांचा १८·५ हून कमी आढळला. पुण्याजवळील सहा गावांत १९९३–९६ दरम्यान झालेल्या अभ्यासात सरासरी सु. २·७ किग्रॅ. वजनाच्या अर्भकांत स्नायू कमी असूनही मेद तुलनेने टिकून असल्याचे दिसले. भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादा २५ धरावी, असे २००९ मध्ये तज्ञांनी सुचविले. परदेशी मर्यादा येथे जशाच्या तशा लागू केल्यास काही मातांचा धोका नजरेआड होण्याचा, तर काहींच्या वाट्यास अनावश्यक उपासमार येण्याचा संभव आहे.

पहा : गर्भारपण, मधुमेह, स्थूलता.